चित्रपटाची प्रत आणि पाठचिकित्सा

हस्तलिखित हाती आले की ते कोणत्या काळचे, कोणत्या परंपरेतले व कितपत पूर्ण आहे, हे मराठीचा अभ्यासक प्रथम पाहतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा विवेक सहसा दृष्टीस पडत नाही. पडद्यावर जे दिसते तेच मूळ, असे गृहीत धरून विवेचनास प्रारंभ होतो.

नागपूरच्या अभ्यासपरंपरेस हा प्रश्न अपरिचित नाही. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली व ती अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा सिद्ध करण्यात आली, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे तिचे भिन्न पाठ प्रचलित झाले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली १९७८ सालची आवृत्ती महत्त्वाची ठरली, ती या पाठांच्या चिकित्सेमुळे.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची स्थिती याहून फारशी निराळी नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेला हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. त्यापैकी पहिले व शेवटचे रीळ, म्हणजे सुमारे १,४७५ फूटच आज उपलब्ध आहे. फाळके यांनी हेच कथानक १९१७ साली पुन्हा चित्रित केले, आणि उपलब्ध भाग या दुसऱ्या चित्रपटाचा असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. ते ग्राह्य ठरल्यास या भागावरून १९१३ च्या चित्रणशैलीविषयी काढलेली अनुमाने निराधार ठरतात.

दुसरा दोष गतीचा. मूकपट बहुधा सेकंदास सोळाच्या आसपास चित्रे या गतीने घेतले जात. बोलपटाच्या चोवीस चित्रांच्या गतीने ते दाखविले असता पात्रे धावपळ करू लागतात, आणि यंत्राचा दोष नटाच्या माथी मारला जातो.

अंकीय प्रतींमुळे पुण्यास न जाताही नागपूरच्या विद्यार्थ्यास जुना चित्रपट पाहता येतो, हा लाभ थोडा नव्हे. सदोष प्रतही अभावापेक्षा बरी, हा युक्तिवादही मान्य करावा लागेल. परंतु प्रतिलेखन म्हणजे संपादन नव्हे. ओरखडे पुसून व उजेड वाढवून दिलेल्या प्रतीसोबत ती कोणत्या फितीवरून घेतली, किती भाग लुप्त आहे, कोणते फेरफार केले व गती कोणती ठेवली, याचे एक पृष्ठभर टिपण दिले तर फारसा खर्च येत नाही.

मूळ फीतही त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. शंका उद्भवल्यास अखेरचा पुरावा तीच होय. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. तेव्हा सुरक्षित फितीवर आधीच उतरविलेले चित्रपट तेवढे वाचले. मात्र पडताळणीसाठी मूळ फीत उरली नाही. अंकीय प्रतही चिरंतन नव्हे. माध्यम बदलेल तसतशी ती पुनःपुन्हा उतरवावी लागते, आणि प्रत्येक उतरवणीत लेखकूच्या प्रमादास वाव राहतो. यास्तव टिपणाविना मिळालेली प्रत प्रेक्षकास पुरेल. संशोधकास ती प्रमाण मानता येणार नाही.