नामसारणीतील पाठभेद : ‘एनएम’ या आज्ञेचे एक परीक्षण

संकलित ऑब्जेक्ट फाइलीत यंत्रसंकेताबरोबर नावांची एक सारणीही असते. ती वाचून दाखविणारी ‘एनएम’ ही आज्ञा युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीपासून चालत आली आहे. नावापुढे ‘टी’ असल्यास त्याची व्याख्या त्याच फाइलीच्या संकेतविभागात असते. ‘यू’ असल्यास ती अन्यत्र शोधावयाची असते. हा शोध लिंकर घेतो, आणि तो नावांची तुलना केवळ बाइटशः करतो.

२०२० साली आलेल्या जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीपासून सी भाषेतील नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. प्रस्तुत लेखकाने कात्रप येथे आपल्या घरच्या संगणकावर दोन लहान फाइली सी-११ च्या नियमांनुसार संकलित केल्या. एकीत ‘दऱ्या’ या नावाची व्याख्या होती, दुसरीत त्याचा वापर. एनएमने एकीपुढे ‘टी’ व दुसरीपुढे ‘यू’ दाखविले. नाव दोन्हीकडे हुबेहूब तेच. तथापि लिंकरने व्याख्या सापडत नाही, असे कळविले.

कारण लेखनात होते. मराठीचा हा ‘र’ युनिकोडमध्ये ०९३१ या स्वतंत्र वर्णाने लिहिता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि अदृश्य जोडचिन्ह यांनीही लिहिता येतो. पहिल्या रीतीने ‘दऱ्या’ पंधरा बाइटांचा होतो, दुसऱ्या रीतीने अठरा. ‘र’ला नुक्ता देण्याची तिसरी रीतही आहे, तिच्याविषयी जीसीसी इशारा देतो, अदृश्य जोडचिन्हाविषयी देत नाही.

लिंकरने अदृश्य चिन्ह वगळून तुलना करावी, असे कोणी सुचवील. ते मान्य करता येत नाही. ते चिन्ह वगळले की उरतो तो ‘दर्या’. म्हणजे डोंगरातील दऱ्या समुद्रात जातात! आचाऱ्यास आणि आचार्यास यांतील भेद ज्या भाषेत अर्थभेदक आहे, तिच्यापुरता हा उपाय रोगाहून वाईट होय.

तेव्हा दोष लिंकरचा नसून दर्शनाचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत निवडलेल्या पाठाखाली भिन्न पाठही नोंदलेले आहेत. एनएम मात्र दोन भिन्न पाठ एकाच रूपात दाखविते आणि भेद झाकते. २०२२ च्या बिनयुटिल्स २.३८ पासून तिला ‘युनिकोड’ हा पर्याय मिळाला असून, त्यास ‘एस्केप’ हे मूल्य दिले असता प्रत्येक वर्णाचा क्रमांक दिसतो. हा पर्याय फसव्या अक्षरांच्या भयातून आला. आपल्याला तो पाठचिकित्सेचे साधन म्हणून उपयोगी आहे.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी-२३ प्रमाणाने नावांत हे अदृश्य चिन्ह निषिद्ध मानले व प्रमाणीकृत रूप आवश्यक केले. म्हणजे ०९३१ हाच मार्ग उरला. निर्णय योग्य आहे. परंतु जुन्या फाइलींतील नावे त्याने बदलत नाहीत. त्यांच्यासाठी वाचकानेच संपादक व्हावे लागेल.