साबूरोंचे कवकवर्गीकरण : एक पुनर्विचार

रेमों साबूरो यांनी १९१० सालच्या ‘ले तेन्य’ या ग्रंथात त्वचा, केस व नखे यांवरील कवकांचे चार वंश मानले. रोगलक्षणे, सूक्ष्मदर्शन व संवर्ध यांची त्यांनी घातलेली सांगड आजही मोलाची आहे. परंतु वंश ठरविताना रोगाच्या रूपास दिलेले प्राधान्य ही त्या मांडणीतील उणीव होय. एमन्स यांनी १९३४ साली बीजाणूंची रचना प्रमाण मानून आकोरिऑन हा वंश वगळला. तथापि बीजाणूही अपुरेच ठरतात. भारतातील चिवट गजकर्णात आढळणारे ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ (नामकरण २०२०) निकटच्या जातींहून केवळ संवर्धावरून खात्रीने वेगळे ओळखता येत नाही. डीएनएचा अनुक्रम तपासावा लागतो. त्याचे पुष्कळ प्रभेद टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. तेव्हा अचूक नामनिश्चिती हा निव्वळ पांडित्याचा नव्हे, तर उपचाराचा प्रश्न आहे.