चरित्रातील एक वाक्य

बाबा आमटे यांच्यावर मराठीत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात एक वाक्य हटकून आढळते: मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे; एक तर उभे राहावे, नाही तर आडवे व्हावे. त्यापाठोपाठ ‘दुर्दम्य इच्छाशक्ती’ हा शब्द येतो आणि लेखक पुढच्या प्रसंगाकडे वळतो. आमची तक्रार आहे ती या घाईविषयी.

ज्यांचा चरितार्थच बसण्यावर चालतो, त्या आम्हां कारकुनांना त्या एका वाक्यात अवघा ग्रंथ दिसतो. असा माणूस जेवतो कसा, लिहितो कसा, पाहुण्यांशी किती वेळ बोलतो आणि मग किती वेळ पडून राहतो? १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काश्मीरकडे निघाली, तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि सत्तरी गाठलेले बाबा वाहनात आडवे होऊन प्रवास करीत होते. इच्छाशक्तीने मणका बरा झाला नव्हता. बिछान्याची सोय झाली म्हणून यात्रा घडली.

वाचकाला स्फूर्ती हवी असते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गाळलेल्या तपशिलाची किंमत आजारी वाचक मोजतो. संधिवाताने धरलेले सांधे सुटावयास दोन तास लागतात, म्हणून दिल्लीच्या पौषात नऊच्या कचेरीसाठी आम्ही पाचला उठतो. अशी चरित्रे वाचून बऱ्या दिवशी आम्ही दुप्पट कामे उरकीत असू आणि पुढचे दोन दिवस अंथरुणास देत असू. आता दाढी बसून करतो, बाजार व धुणे एका दिवशी काढीत नाही, आणि थकण्यापूर्वीच थांबतो.

ही रीत आम्हांस वाग्भटापाशी सापडली. ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येच्या अध्यायात तो बलवानासही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावयास सांगतो, तोही थंडीत व वसंतात, एरवी त्याहून कमी. मग दुर्बलांनी किती, हे निराळे सांगावयास नको.

आमच्या वाचनातील बहुतेक चरित्रांत आजाराचा शेवट मृत्यूत तरी होतो किंवा विजयात तरी. मधली लांबलचक वर्षे, जी माणूस जमाखर्च मांडून काढतो, ती कोरीच राहतात. चरित्रकारांनी ‘इच्छाशक्ती’ हा शब्द अवश्य लिहावा. मात्र त्याआधी त्या माणसाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत एकदा तरी लिहावा, एवढेच आमचे मागणे आहे.