पाण्याने न धुतले जाणारे कर्म

शेक्सपिअरने इ. स. १६०६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘मॅकबेथ’ या शोकांतिकेचे कथानक स्कॉटलंडच्या इतिहासातून घेतलेले आहे. इतिहासातील राजा डंकन १०४० साली लढाईत मारला गेला. नाटककाराने मात्र त्याला मॅकबेथच्या घरी अतिथी म्हणून आणले व झोपेत त्याचा वध घडविला. या एका बदलाने सत्तांतराची घटना शीलाचा प्रश्न बनली आहे.

चेटकिणींच्या भाकिताने मॅकबेथचा घात केला, हे मत अपुरे आहे. त्या राजपद भाकीत करतात. खून करावयास सांगत नाहीत. खुनापूर्वी मॅकबेथ एकांतात कबूल करतो की, आपण डंकनचे आप्त, प्रजाजन आणि यजमान आहोत. महत्त्वाकांक्षेवाचून आपल्याजवळ अन्य कारण नाही. चेतना हेच कर्म, असे मानणाऱ्या बौद्ध वाचकाला येथे नियतीकडे बोट दाखविता येत नाही.

खुनानंतर त्याला जाणवते की, समुद्राच्या पाण्यानेही हे हात स्वच्छ होणार नाहीत. त्याची पत्नी मात्र थोडेसे पाणी पुरेल, असे म्हणते. पाचव्या अंकात तीच झोपेत चालत हात चोळत राहते. वैद्य व दासी आपणास पाहत आहेत, याचे तिला भान नसते. प्रेक्षकांना मात्र तिचे जुने उद्गार आठवतात. नाट्यगत उपरोध तो हाच. मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात तथागतांनी सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणाला हेच सांगितले: नदीस्नानाने पापकर्म शुद्ध होत नाही.

परंतु हे सत्य जाणणारा मॅकबेथ तरी कोठे वाचला? रक्तात आपण इतके पुढे आलो आहोत की, परतणेही पुढे जाण्याइतकेच कष्टाचे, असे म्हणून तो नवे खून करवितो. अंगुलिमालाचे हातही रक्ताने माखलेले होते. तो थांबला. भिक्खू झाल्यावर लोकांनी फेकलेली ढेकळे व काठ्या त्याने आपल्या कर्माचे फळ म्हणून सोसल्या. त्याचेही कर्म पाण्याने धुतले गेले नाही. त्याने मार्ग बदलला.

शीलावाचून प्रज्ञा घातक ठरते, हा विचार बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात मांडला आहे. मॅकबेथ स्वतःला पुरता ओळखतो, हीच त्याची शोकांतिका आहे. आत्मज्ञान आचरणात उतरले नाही, तर ते केवळ यातना होऊन उरते.