'वाचाळ' आणि 'वाग्मी' : अतिभाषणवाचक शब्दांची चिकित्सा

प्रस्तावना :
अतिभाषण हा सर्वमान्य दोष समजला जातो. मराठीत त्यासाठी बडबड, वटवट, टकळी, चऱ्हाट, गुऱ्हाळ, पाल्हाळ अशी विपुल शब्दसंपदा आहे. हे शब्द बोलण्याचे प्रमाण सांगतात की ऐकणाऱ्याचा निवाडा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'तील ५.२.१२५ या सूत्रानुसार 'वाचाल' व 'वाचाट' हे शब्द पुष्कळ बोलणाऱ्यासाठी सिद्ध होतात. मराठी 'वाचाळ' हे 'वाचाल'चेच रूप होय. सूत्रात 'बहुभाषी' एवढाच अर्थ आहे. निंदेचा उल्लेख नाही. पुढील व्याकरणपरंपरेने मात्र येथे निंदा अभिप्रेत असल्याचे स्पष्ट केले. पुष्कळ, परंतु चांगले बोलणारा तो 'वाग्मी' ठरला. म्हणजे दोघे सारखेच बोलले, तरी एकाच्या वाट्याला दूषण येते व दुसऱ्याच्या वाट्याला भूषण. हा भेद मापाचा नसून मूल्याचा आहे.

मराठीने या निवाड्यासाठी प्रतिमा घेतल्या त्या श्रमाच्या जगातून. टकळीवर सूत कातले जाते, चऱ्हाट वळले जाते, गुऱ्हाळात गूळ तयार होतो. त्या श्रमांतून काही हाती लागते. तोंडाच्या टकळीतून काहीच निघत नाही, हा त्यातील उपरोध होय. बडबड, वटवट हे ध्वन्यनुकारी शब्द त्याहून कठोर आहेत. ते बोलण्यातील अर्थ काढून घेतात आणि केवळ आवाज शिल्लक ठेवतात.

हे शब्द कोणासाठी वापरले जातात, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. सभेत तासभर बोलणारा पुरुष 'वक्ता' म्हणवला जातो. घरात गाऱ्हाणे मांडणाऱ्या स्त्रीचे बोलणे 'वटवट' ठरते. 'तोंडाळ' ठरण्यास तर सुनेला फार बोलावेही लागत नाही, एक प्रत्युत्तर पुरेसे होते. येथे अतिभाषणाचे माप बोलणाऱ्याच्या स्थानावरून ठरते.

याउलट 'दासबोधा'तील मूर्खलक्षणांत आत्मस्तुती करणे व वडिलांची कीर्ती सांगणे यांवर बोट ठेवले आहे. तेथे दोष आशयाचा आहे आणि तो तपासता येतो.

निष्कर्ष :
अतिभाषणवाचक शब्द वरवर वर्णनपर, परंतु वस्तुतः निर्णयपर आहेत. एखाद्याचे बोलणे 'वटवट' म्हणून बाजूला सारण्यापूर्वी तो काय बोलला, हे ऐकून घेणे आवश्यक आहे. अन्यथा शब्दच न ऐकण्याची सबब बनतात.