नाकारली ती किल्ली नव्हेच

सुट्टीत तीर्थपुरीला घरी आलेय. मोबाईलचं हॉटस्पॉट, भावाचा जुना विंडोज लॅपटॉप, त्यावर कधीकाळी टाकलेलं पुट्टी. इकडे संस्थेच्या सर्व्हरवर उबुंटू 20.04 जाऊन 22.04 आलं. लॉगिन करायला गेले तर एकच ओळ: ‘सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की’. आज या ओळीशीच भांडायचंय.

ती वाचून तुम्ही काय कराल? मी आधी फाईल चुकीची उचलली का ते पाहिलं, मग अकाउंटच उडालं असेल असं वाटलं. थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणाचा डेटा तिथेच, त्यामुळे पोटात गोळा. शेवटी जुनी किल्ली पुसून नवी बनवायला निघाले होते. थांबले ते बरं, कारण पासवर्ड बंद आहे आणि नवी पब्लिक की सर्व्हरवर टाकायला आधी आत तर जायला हवं ना!

एसएसएचमध्ये तुमची प्रायव्हेट की सर्व्हरकडे जातच नाही. ती फक्त सही करते. जुन्या ‘एसएसएच-आरएसए’ पद्धतीत त्या सहीसाठी एसएचए-1 हॅश वापरतात. 2017 मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयने एकच एसएचए-1 हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ दाखवल्या. 2021 च्या ओपनएसएसएच 8.8 पासून ही पद्धत आपोआप बंद असते, आणि उबुंटू 22.04 मध्ये 8.9 आहे. म्हणजे नाकारली सहीची पद्धत. तीच आरएसए किल्ली एसएचए-2 ने सही करू शकते, पुट्टीला ते 0.75 पासून जमतं. नवं पुट्टी उतरवलं, तीच फाईल दिली, आत!

बँकेत ‘आता अंगठा चालत नाही, सही करा’ म्हणण्याऐवजी ‘तुम्ही आमचे खातेदारच नाही’ म्हणावं, तशी ती ओळ आहे.

पुट्टीची बाजूही सांगते. त्याला खरं कारण कळतच नाही. आरएफसी 4252 नुसार नकाराच्या उत्तरात पुढे चालतील त्या पद्धतींची यादी आणि एक हो-नाही, एवढीच जागा. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं की हा की-प्रकार मान्य यादीत नाही. कारण सांगितलं तर हल्लेखोराला मदत होते, असं म्हणतात. युझर आहे की नाही याबाबत ते पटतं. सहीच्या पद्धतींबाबत नाही पटत, कारण नव्या क्लायंटने विचारलं की सर्व्हर ती यादी लॉगिनआधीच देतो, कुणालाही.

आणि एक. अशा वेळी ‘सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये एसएसएच-आरएसए परत चालू करा’ हा सल्ला हमखास मिळतो. चालतो तो, पण एका जुन्या लॅपटॉपसाठी सगळ्यांनाच कमकुवत सही पुन्हा खुली होते. ॲडमिनला फोन केलात तर तेवढं मागू नका. तुमच्या लॉगिनच्या वेळेची लॉगमधली ओळ वाचून दाखवा म्हणा.