महाराष्ट्रातील वैद्यकीय नोंदणी कायदे आणि औषध लिहून देण्याचा अधिकार : एक चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकीय व्यवसाय कोणी करावा हे ठरविणारे कायदे आणि औषध कोणाच्या चिठ्ठीवर विकले जावे हे ठरविणारे नियम असे दोन स्वतंत्र प्रवाह भारतीय विधिव्यवस्थेत आढळतात. पहिला प्रवाह प्रामुख्याने राज्य विधिमंडळांनी केलेल्या नोंदणी अधिनियमांचा आहे. दुसरा केंद्राच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही हा विषय विभागलेला दिसतो. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्य सूचीत, औषधे व विषे तसेच वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत, तर उच्च शिक्षणाचा दर्जा निश्चित करण्याचा अधिकार संघ सूचीत आहे.

या विभागणीमुळे औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार नेमका कोठून प्राप्त होतो हा प्रश्न गुंतागुंतीचा झाला आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, महाराष्ट्राने हा अधिकार प्रत्येक वेळी व्यक्तीच्या व्याख्येत किंवा नोंदवहीत बदल करून वाढविला. परंतु कोणते औषध, कोणत्या आजारात, कोणत्या ठिकाणी आणि चूक झाल्यास कोणापुढे उत्तर द्यावयाचे, या चार प्रश्नांची स्पष्ट उत्तरे अधिनियमांत दिली नाहीत.

नोंदवह्यांचा पूर्वेतिहास

मुंबई प्रांतात आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी १९१२ च्या अधिनियमाने सुरू झाली. त्या नोंदवहीत वैद्य व हकीम यांना स्थान नव्हते. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत १९३८ चा मुंबई वैद्यकीय व्यवसायी अधिनियम झाला आणि भारतीय चिकित्सा पद्धतींच्या व्यावसायिकांना प्रथमच स्वतंत्र वैधानिक नोंदणी मिळाली. परकीय सत्तेने दुर्लक्षिलेल्या विद्येला प्रतिष्ठा देणे हा त्यामागील हेतू होता व तो त्या काळाशी सुसंगतही होता. पुढे होमिओपॅथीसाठी १९५९ चा, भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी १९६१ चा आणि आधुनिक वैद्यकासाठी १९६५ चा अधिनियम झाला. अशा रीतीने तीन अधिनियम, तीन नोंदवह्या आणि तीन परिषदा अशी रचना महाराष्ट्रात स्थिर झाली.

या रचनेमागे एक सरळ तत्त्व होते. ज्याने ज्या पद्धतीचे शिक्षण घेतले त्याने त्या पद्धतीने उपचार करावेत आणि त्याच्या वर्तनाची तपासणी त्याच विद्येच्या जाणकारांनी करावी. नोंदणी हा सन्मान होता, त्याचप्रमाणे ते उत्तरदायित्वही होते. पुढील काळातील दुरुस्त्यांनी सन्मानाचा भाग विस्तारत नेला, उत्तरदायित्वाचा भाग मात्र आहे तेथेच राहिला.

औषध नियमांतील व्याख्या

१९४५ च्या औषध नियमांत 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' या संज्ञेची व्याख्या दुसऱ्या नियमाच्या 'ईई' या खंडात दिलेली आहे. आधुनिक वैद्यकाची मान्य पदवी असणारे किंवा राज्याच्या त्या पद्धतीच्या नोंदवहीत समाविष्ट असणारे हे पहिले दोन वर्ग होत. तिसऱ्या उपखंडाने राज्य शासनाला एक विशेष अधिकार दिला आहे. अन्य नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीस, या कायद्याच्या प्रयोजनासाठी, आधुनिक पद्धतीने व्यवसाय करणारी व्यक्ती म्हणून राज्य शासन आदेशाद्वारे घोषित करू शकते. मात्र हा उपखंड होमिओपॅथीची नोंदवही स्पष्ट शब्दांत वगळतो. २०१४ च्या दुरुस्तीचे स्वरूप समजून घेण्यासाठी हा अपवाद महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये या उपखंडाचा आधार घेऊन भारतीय चिकित्सा पद्धतींच्या विवक्षित पात्रताधारकांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. पुढे १९६१ च्या अधिनियमातील पंचविसाव्या कलमात अशा व्यावसायिकांना त्यांनी घेतलेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेपर्यंत आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करता येईल, अशा आशयाची तरतूद झाली. वरकरणी ही मर्यादा वाजवी वाटते. परंतु प्रशिक्षणाची मर्यादा अभ्यासक्रमावर अवलंबून असते आणि अभ्यासक्रम हा अधिनियमाचा भाग नाही. औषध विक्रेत्याने, पोलीस अधिकाऱ्याने किंवा रुग्णाने ही मर्यादा कोठे वाचावी, याचे उत्तर कलमात मिळत नाही. जी मर्यादा अंमलबजावणी करणाऱ्यास दिसत नाही ती व्यवहारात मर्यादा म्हणून टिकत नाही.

न्यायालयीन निर्णयांचा आशय

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय मूलभूत मानले जातात. पहिला १९९६ चा पूनम वर्मा खटला हा मुंबईतूनच उद्भवला होता. होमिओपॅथीची पदविका असलेल्या व्यावसायिकाने तापाच्या रुग्णास आधुनिक औषधे दिली आणि त्या रुग्णाचा १९९२ मध्ये मृत्यू झाला. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा ठरतो, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला व तीन लाख रुपयांची भरपाई मंजूर केली.

दुसरा निर्णय १९९८ चा, डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यातील आहे. औषध नियमांतील तिसरा उपखंड वैध असल्याचे न्यायालयाने मान्य केले; तथापि औषध लिहून देण्याचा अधिकार हा त्या पद्धतीचा व्यवसाय करण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याने, राज्याच्या कायद्याने व्यवसायाचा अधिकार मान्य केला असेल तेथेच अशी घोषणा टिकेल, असे स्पष्ट केले.

दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता त्यांतील भर वेगवेगळ्या बाजूंवर असल्याचे दिसून येते. पहिला निर्णय ज्ञानाचा प्रश्न विचारतो, दुसरा अधिकाराच्या उगमाचा. राज्यांनी दुसऱ्या निर्णयातून मार्ग काढला, कारण अधिकार कायद्याने निर्माण करता येतो. ज्ञान मात्र कायद्याने निर्माण करता येत नाही. शिवाय मुख्तियार चंद निर्णयाचा आधार असलेला १९५६ चा भारतीय वैद्यक परिषद अधिनियम आता अस्तित्वात नाही. त्याची जागा २०२० पासून राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ ने घेतली आहे. त्यामुळे जुन्या घोषणांची नव्या अधिनियमाच्या प्रकाशात पुन्हा तपासणी होणे आवश्यक आहे.

२०१४ ची दुरुस्ती आणि २०२५ चा वाद

होमिओपॅथीच्या व्यावसायिकांबाबत राज्यापुढे वेगळी अडचण होती. औषध नियम त्यांची नोंदवही वगळत असल्याने केवळ आदेश काढून भागणार नव्हते. म्हणून २०१४ मध्ये होमिओपॅथी अधिनियमाबरोबरच १९६५ च्या वैद्यक परिषद अधिनियमातही दुरुस्ती करण्यात आली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, अर्थात सीसीएमपी, उत्तीर्ण झालेल्या होमिओपॅथीच्या व्यावसायिकांना आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीचे दार त्यामुळे उघडले. हा अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने राबविला.

कायद्याच्या तंत्राच्या दृष्टीने ही योजना कुशल होती. जो दरवाजा केंद्रीय नियमाने बंद केला होता त्याला वळसा घालून राज्याने आपल्याच अधिनियमाच्या अनुसूचीतून प्रवेश दिला. परंतु धोरणाच्या दृष्टीने ती अपुरी ठरते. दुरुस्तीच्या समर्थनार्थ ग्रामीण व दुर्गम भागातील डॉक्टरांच्या टंचाईचे कारण पुढे करण्यात आले होते. ते कारण खरे आहे. असे असताना दुरुस्तीत ग्रामीण सेवेची अट नाही, औषधांची यादी नाही आणि दोन परिषदांपैकी शिस्तभंगाची कारवाई कोणी करावी याचा नि:संदिग्ध निर्देश नाही.

भारतीय वैद्यक संघटनेने या दुरुस्तीस न्यायालयात आव्हान दिले. ३० जून २०२५ रोजी महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीची अधिसूचना काढली; विरोधानंतर ती जुलैमध्ये स्थगित झाली; सप्टेंबरमध्ये शासनाने नोंदणीचा निर्देश पुन्हा दिला आणि १८ सप्टेंबर २०२५ रोजी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. अधिनियमानंतर अकरा वर्षांनीही त्याची अंमलबजावणी अधिसूचना, स्थगिती आणि संप यांच्यामध्ये अडकावी, ही बाब त्याच्या मांडणीतील उणिवांकडेच निर्देश करते.

या वादात दोन्ही पक्षांच्या भूमिकांत विसंगती आढळते. खासगी शुश्रूषागृहांत रात्रपाळीस आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतात, हे वैद्यकीय वर्तुळात सर्वश्रुत आहे. आधुनिक वैद्यकाच्या संघटना तत्त्वाच्या पातळीवर ज्याचा निषेध करतात त्यावर त्याच क्षेत्रातील अनेक संस्थांचा दैनंदिन व्यवहार चालतो. दुसरीकडे, औषधशास्त्राचे एक वर्षाचे अध्ययन हे रोगनिदानाच्या दीर्घ प्रशिक्षणास पर्याय ठरते, असे गृहीत धरणेही तर्काला धरून नाही. औषधाचे गुणधर्म माहीत असणे आणि समोरच्या रुग्णास तेच औषध हवे हे ओळखणे, या दोन भिन्न क्षमता आहेत.

ठाकुर्लीच्या संदर्भात

कायद्यातील ही पोकळी कोठे जाणवते हे पाहण्यासाठी दुर्गम पाड्यापर्यंत जावे लागत नाही. रेल्वे वसाहतीमुळे व जुन्या वीजगृहामुळे ओळखले जाणारे ठाकुर्ली हे डोंबिवली व कल्याण या स्थानकांमधील उपनगर कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या क्षेत्रात येते. महापालिकेची मोठी रुग्णालये म्हणजे कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर. पहाटेच्या लोकलने कामावर जाणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या नोकरदाराचा वैद्यकीय व्यवस्थेशी पहिला संबंध बहुधा येतो तो घराजवळच्या दवाखान्याशी.

महाराष्ट्रात खासगी आरोग्यसंस्थांचे नियमन १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. २०२१ च्या सुधारित नियमांनी त्यात रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावण्याच्या तरतुदी आणल्या. परंतु रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या जागा हीच या अधिनियमाची कक्षा आहे. खाटा नसलेला लहान दवाखाना तिच्या बाहेर राहतो. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना अधिनियम, जो दवाखान्यांनाही लागू होतो, महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. परिणामी, ज्या ठिकाणी सर्वाधिक लोक प्रथम जातात त्या ठिकाणी जागेचा परवाना नसतो. तेथे रुग्णाचे संरक्षण करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे डॉक्टरचे नोंदवहीतील नाव. तीच नोंद संदिग्ध झाली तर दुसरा बांध शिल्लक राहत नाही.

औषध विक्रेत्याची स्थितीही अशीच आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार विवक्षित प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे इत्यादींची विक्री स्वतंत्र वहीत नोंदवून, चिठ्ठी लिहिणाऱ्याचे व रुग्णाचे नाव तीन वर्षे जतन करावे लागते. विक्रेता नाव लिहितो. पण ते नाव कोणत्या नोंदवहीत आहे आणि त्या व्यावसायिकास ते औषध लिहिण्याची मुभा आहे काय, हे तपासण्याचे साधन त्याच्या हाती कायद्याने दिलेले नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू ही आज सार्वजनिक आरोग्याची गंभीर समस्या असताना ही त्रुटी किरकोळ म्हणता येणार नाही. याखेरीज डॉक्टर स्वतःच्या रुग्णास पुड्या बांधून औषध देतो तेव्हा विक्री परवान्याची अटच नसते. तेथे चिठ्ठीही उरत नाही आणि वहीतील नोंदही उरत नाही.

मर्यादित परवान्याचे अन्य नमुने

मर्यादा शब्दबद्ध करणे अशक्य आहे असे म्हणता येत नाही. आसामच्या २००४ च्या अधिनियमाने ग्रामीण आरोग्यसेवेसाठी तीन वर्षांची पदविका निर्माण केली आणि पदविकाधारकांचे कार्यक्षेत्र, आजार व औषधे यांवर बंधने घातली. हा अधिनियम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अवैध ठरविला, तो शिक्षणाच्या दर्जाबाबतच्या केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्यामुळे. मात्र त्यानंतरचा आसामचा २०१५ चा अधिनियम न्यायालयाने वैध मानला. राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमातही मर्यादित परवान्याची कल्पना आहे. असा परवानाधारक केवळ प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत, विनिर्दिष्ट औषधे स्वतंत्रपणे लिहून देऊ शकतो; एरवी त्याला देखरेखीखाली काम करावे लागते. या कलमाबद्दल मतभेद आहेत. तथापि औषध, सेवेचा प्रकार व देखरेख या तिन्ही गोष्टी कायद्याच्या शब्दांत मांडता येतात, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, महाराष्ट्रातील मूळ प्रश्न आयुर्वेद, होमिओपॅथी व आधुनिक वैद्यक यांच्या श्रेष्ठत्वाचा नाही. राज्याने परवान्याचा आशय न ठरविता परवानाधारकांची संख्या वाढविली, हा तो प्रश्न आहे. आधुनिक औषधे वापरण्याची मुभा अन्य पद्धतींच्या पदवीधरांना द्यावयाचीच असेल तर औषधांची यादी अधिनियमाच्या अनुसूचीत असावी. चिठ्ठीवर व्यावसायिकाची पद्धती व नोंदणी क्रमांक वाचता येतील अशा रीतीने छापणे बंधनकारक असावे. तिन्ही नोंदवह्या रुग्णास व औषध विक्रेत्यास एकाच ठिकाणी पाहता याव्यात. आधुनिक औषधांबाबतच्या तक्रारींसाठी एकच शिस्तपालन मंच असावा. आणि खाटा नसलेले दवाखाने नोंदणीच्या कक्षेत यावेत. टंचाईचे कारण देऊन दिलेला परवाना टंचाईच्या प्रदेशापुरता असावा, हेही ओघाने येते.

यांतील एकही सूचना खर्चिक नाही. त्या स्वीकारल्या जात नाहीत, कारण मुभेचा लाभार्थी संघटित आहे, तिला विरोध करणाराही संघटित आहे आणि चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाबाहेर उभा असलेला रुग्ण मात्र असंघटित आहे. नोंदणीचे कायदे मुळात त्या रुग्णासाठी झाले. आपला उपचार कोण करीत आहे, कोणत्या अधिकाराने करीत आहे आणि चुकल्यास दाद कोठे मागावयाची, हे त्याला चिठ्ठीवरूनच कळावे, एवढी किमान अपेक्षा विधिमंडळाकडून करणे वाजवी आहे.